किल्ल्यांचा जुडगा

गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने मागितली तर देऊ का? मग घरातल्या कॉम्प्युटरची किल्ली कुणाच्याही हातात कशी काय जाते, हे मला कळत नाही.

कॉम्प्युटरची किल्ली म्हणजे काय, ते सांगते. माझं सासर इंदापूर, माहेर बारामती. इंदापुरात घरी बसून मी चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन आठवडे बारामतीला राहिले. जीएसटीचं महिन्याचं रिटर्न काही २० तारखेपुढे थांबत नाही. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि आईला टाकून जायचं कसं? मग तिच्या पलंगाशेजारी बसून, भाच्याच्या लॅपटॉपवरून इंदापूरचा कॉम्प्युटर चालवला. तिथला पडदा इथे दिसतो, इथे माउस हलवला की तिथला बाण हलतो. यालाच रिमोट अ‍ॅक्सेस म्हणतात. (सासूबाईंचा पहिल्याच दिवशी फोन, "अगं, कॉम्प्युटर आपोआप चाललाय, बंद करू का?" तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. आपण करतो ते सगळं तिथे बसलेल्यालाही दिसतं.)

बाळंतपण, आजारपण, लग्नकार्य, काहीही आलं की आधी बाईचंच काम सुटतं. म्हणून ही सोय पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त उपयोगाची, असं माझं ठाम मत आहे. पण ती आपण स्वतः बसवून घेतली तरच! "तुला काय कळतंय त्यातलं, मी टाकतो ना पासवर्ड," असं दीर म्हणतात, पुतण्या म्हणतो, दुरुस्तीवालाही म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीवाल्याने परस्पर असं सॉफ्टवेअर टाकलं आणि कायमचा पासवर्ड स्वतःच ठरवला. का, तर पुढच्या वेळी घरी यायला नको. हेतू चांगला असेलही. पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वाटेल तेव्हा डोकावायची किल्ली त्याच्या खिशात, आणि बाईंना पत्ताच नाही! २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाल्यापासून आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते प्रमाणपत्र मिळवलंय. ते काय नुसतं फाइलला लावून ठेवायला?

दुसरी गोष्ट फोनची. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, हे अ‍ॅप घ्या आणि त्यात दिसणारा नंबर सांगा." तो नंबर म्हणजेच किल्ली. एनीडेस्क नावाच्या अ‍ॅपचा असा गैरवापर होतोय, म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप वाईट नाही, चांगल्या कामालाही ते वापरतात. पण किल्ली मागायला कोण आलंय ते बघायला नको? आपण बोलावलेल्या माणसाला दार उघडावं. स्वतःहून फोन करणाऱ्याला अजिबात नाही. आणि कुणी फसलंच, तर लाजत न बसता त्याच क्षणी १९३० ला फोन लावायचा.

काहीजण म्हणतात, मग ही भानगडच नको. मला नाही पटत. चोर आहेत म्हणून आपण घराला दारच ठेवलं नाही, असं कधी झालंय का?

मी क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरते. फुकट आहे आणि गुगलच्या खात्यावर चालतं. पिन किमान सहा आकडी लागतो, तिथे लग्नाची तारीख टाकू नका, ती अख्ख्या भावकीला पाठ असते! खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या मोबाइलशिवाय पुढे जाता येत नाही. विंडोजची स्वतःची सोयही आहे, पण बाहेरून येऊ देण्याची मुभा प्रो आवृत्तीतच मिळते, होममध्ये नाही. तिच्यासाठी कुणी राउटरचं दार थेट इंटरनेटवर उघडून देत असेल, तर सरळ नको म्हणा. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम जगभरातून रात्रंदिवस ठोठावत असतात.

उरला आपला जुना शत्रू, वीज! लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि दूर बसून काही करता येत नाही. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती लावून घ्या. झोपायची, म्हणजे स्लीपची, सेटिंग बंद ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काम केलंत तर उठताना लॉगआउट करा. मी भाच्यालाही त्यातून वगळलेलं नाही. तो जरा रुसला, पण महिनाभराने स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, पिन कसा बदलायचा हे त्यानेच शिकवलं.