सिनेमात न दिसलेली चहाची दुपार

मैत्रिणींनो, काही पुस्तकं वाचून झाली तरी घरात वावरत राहतात. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी माझ्यासाठी तशीच. ती १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९६२ मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी तिच्यावर सिनेमा काढला. गेल्या आठवड्यात मुलीबरोबर तो पाहिला.

गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली, १९३०च्या दशकातली. टॉम रॉबिन्सन या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आळ येतो. त्याचा डावा हात निकामी आहे आणि मुलीला मारणारा तर डावखुरा होता, हे वकील ॲटिकस भर कोर्टात दाखवून देतो. तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. हे सगळं आपल्याला सांगते ती ॲटिकसची लहान मुलगी स्काउट.

सिनेमा चांगलाच आहे. ग्रेगरी पेक यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच. निकालानंतर ॲटिकस निघतो आणि वरच्या गॅलरीतली काळी माणसं त्याच्या मानाखातर उठून उभी राहतात, तेव्हा मुलीचे आणि माझेही डोळे भरून आले.

पण मला कादंबरी जास्त मोलाची वाटते, ती सिनेमात नसलेल्या एका प्रसंगामुळे. खटल्यानंतर ॲटिकसच्या घरी चर्चमधल्या बायकांचं मंडळ जमतं. चहा, केक, चांगले कपडे. दूर आफ्रिकेतल्या एका जमातीच्या हालअपेष्टांवर बोलताना एकीच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तीच बाई थोड्या वेळाने तक्रार करते, की खटल्यापासून आपली काळी मोलकरीण तोंड पाडून काम करते. तिला आपण धर्माच्या चार गोष्टी कशा सुनावल्या, हेही ती सांगते. त्याच दुपारी ॲटिकस घरी येतो. टॉम तुरुंगातून पळताना मारला गेला. सतरा गोळ्या.

सिनेमात ही बातमी येते, पण ही दुपार नाही. टॉमच्या बायकोसाठी काळ्या वस्तीतल्या चर्चमध्ये वर्गणी गोळा होते, तो प्रसंगही नाही. दोन तासांत सगळं मावत नाही, हे मान्य. पण त्यामुळे दोष कोर्टातल्या त्या बारा पुरुषांकडे जातो आणि आपण ॲटिकसच्या बाजूने बसून रडायला मोकळ्या होतो. पुस्तक तसं सुटू देत नाही. ते अन्याय चहाच्या टेबलावर आणून ठेवतं, देवाधर्माचं करणाऱ्या चांगल्या घरच्या बायकांमध्ये.

म्हणून मला तो प्रसंग टोचतो. मंडळ आपलंही आहे, जीवदयेवर आपणही तळमळीने बोलतो. गेल्या महिन्यात आमच्या कामाच्या मावशी दोन दिवस गप्प गप्प होत्या. “मावशी, जरा हसून काम करा की,” असं मी म्हणाले. काय झालंय, हे मात्र विचारलं नाही. ते मी परवा विचारलं. त्यांचा भाऊ गेला होता.

सिनेमा जरूर पाहा, मुलींनाही दाखवा. पण पुस्तकातली ती दुपार वाचल्याशिवाय राहू नका.