बिडाच्या तव्याचा कैवार

आम्हा मध्यमवर्गीयांना चकचकाटाचं भारी वेड. भांडं असो की अब्रू, वरून चमकली म्हणजे झालं! या वेडापायी माझ्या हातून एक खून झाला आहे, आणि तो कबूल केल्याशिवाय मला घावन गोड लागायचं नाही.

मयत : आईचा बिडाचा तवा. वय वर्षे ४०, म्हणजे माझ्याहून चारने वडील. एका रविवारी ‘घरकामात मदत’ या सबबीखाली मी तारेची घासणी आणि पावडर घेऊन त्याच्यावर तुटून पडलो. तासाभरात काळा तवा करडा झाला. विजयी मुद्रेनं तो आईपुढे धरला. ती एवढंच म्हणाली, “अरे, ती ४० वर्षं होती रे!”

दुसऱ्या दिवशी घावन सुटलं ते तुकड्यातुकड्यांनी.

तेव्हापासून माझं जाहीर सांगणं आहे : बिडावरचं काळं म्हणजे घाण नव्हे! तेलाचा पातळ थर तापून तापून लोखंडाला घट्ट धरून बसतो, त्याचं ते कवच. साबणाचा उगाच बाऊ नको. सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी तवा मरत नाही. मरतो तो तारेनं, चिंच-कोकमाच्या आंबटानं आणि ओला ठेवल्यानं. धुवा, लगेच पुसा, मंद आचेवर सुकवा, तेलाचं बोट फिरवा. संपली सेवा! फक्त तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. बीड दिसतं दणकट, पण तडकतं पटकन. अगदी आमच्या काकांसारखं.

“त्यापेक्षा नॉनस्टिक घ्या की!” इति शेजारी. घ्या ना! पण त्याला लाकडी उलथनं हवं, मोठी आच सोसत नाही, आणि कवच एकदा सोललं की ते घरी पुन्हा चढत नाही. बिडाचं चढतं. म्हणून तर मला प्रायश्चित्ताची सोय राहिली.

गेले सहा महिने मी रोज अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतो आहे. परवा आई त्यावरून बोट फिरवून म्हणाली, “धरतोय हो बाळसं!” मी हिशेब मांडला. याची पुन्हा ४० वर्षं भरतील तेव्हा मी शहात्तरीत असेन, आणि आई... तो हिशेब मी तिथेच सोडला.

तोवर तारेची घासणी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकू नये. मी तर नाहीच नाही!