मामाचं मेडिकल जातं ऑनलाइन!

शाम्पू, चपला, टू बीएचके फ्लॅट, डाएट फरसाण... आमच्या एजन्सीत मी काय काय विकलं नाहीये! ब्रँड सांगा, तासाभरात टॅगलाइन हजर. त्यामुळे डोंबिवलीच्या मामाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हे तर रविवार दुपारचं काम.

मामाचं मेडिकल आहे. अठ्ठावीस वर्षं एकाच कोपऱ्यावर. ‘अगं, समोरचे काका रात्री अकराला तापाची गोळी मागायला माझ्याकडे येतात आणि महिन्याची बीपीची औषधं मात्र ॲपवरून मागवतात. सूट मिळते ना! मलाही ते ऑनलाइनचं काहीतरी करून दे.’ आवाज हसरा होता. पण मामीने नंतर हळूच सांगितलं, काउंटरवरच्या दोन पोरांपैकी एकाला कमी करावं लागलं. म्हणजे मामला सीरियस होता.

रविवारी लॅपटॉप घेऊन दुकानात पोचले. तीन पोस्ट तयार. ‘डायबेटिसला करा टाटा!’, ‘बीपी? नो टेन्शन!’ आणि ‘वजन घटवा, जीन्स मिरवा!’ मामाने चष्मा लावून तिन्ही वाचल्या. म्हणाला, ‘झकास. आता एक वकीलही बघून दे.’

तर मंडळी, आपल्याकडे ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट’ नावाचा कायदा आहे. नाव ऐकून मला हॅरी पॉटरचा राहिलेला भाग वाटला. पण तो आहे १९५४ चा आणि आजही लागू आहे. त्याच्या यादीतले आजार औषधाने बरे होतात किंवा टळतात, अशी जाहिरातच करायची नाही. डायबेटिस, बीपी, लठ्ठपणा, कॅन्सर, मोतीबिंदू, हृदयविकार सगळे त्या यादीत. एवढंच कशाला, ताप आणि माणसाची उंचीसुद्धा! पहिल्यांदा दोषी ठरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुन्हा ठरलात तर वर्षभरापर्यंत. माझ्या तीन पोस्ट, तिन्ही यादीतल्या. हॅट्‌ट्रिक!

‘पण फ्रीडम ऑफ स्पीच?’ मी जरा ताणून बघितलं. रात्री गूगल केलं तर तेही झालेलं. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्यातला काही भाग रद्द केला, पण बंदी असलेल्या औषधांची जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, हेही बजावलं. मिटला विषय.

मग मी हुकमी पत्ता काढला. ‘फ्लॅट २५ टक्के ऑफ!’

मामा हसलाच. ‘सरकारने किंमत बांधलेल्या औषधांवर २०१३ च्या आदेशात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय. तुझे पंचवीस कुठून आणू? मामीच्या डब्यातून?’

आता आली का पंचाईत! औषधाचं कौतुक नाही, आजाराचं नाव नाही, सूट नाही. मग विकायचं काय? ‘लॅपटॉप मिट आणि इथे बस,’ मामा म्हणाला. बसले.

सात वाजता एक मुलगा आला, माझ्याच वयाचा, गळ्यात आयडी कार्ड. झोपेच्या गोळ्या हव्या होत्या. मोबाइलवर दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो. मामाने नाही म्हटलं. मुलाने दुप्पट पैसे देऊ केले. मामाने पुन्हा नाही म्हटलं, वर जवळच्या डॉक्टरांची वेळ सांगितली. पोरगा पाय आपटत गेला. गेलं ना गिऱ्हाईक!

मग एक आजी आल्या. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या. मामाने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि थांबला. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आतलं पेनकिलर एकच! आजी दोन्ही घेणार होत्या, म्हणजे डबल डोस. मामाने डॉक्टरांना फोन लावला, एक गोळी कमी झाली, बिलही कमी झालं. आजी खूश. मी थंड.

अरे, हेच तर विकायचं होतं!

त्या रात्री पेज तयार झालं. दुकानाची वेळ, गूगल मॅपवर पत्ता आणि ‘आमच्याकडे काउंटरवर फार्मासिस्ट असतो’. ‘दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत? एकत्र घेऊन या, पडताळून देऊ.’ ‘चिठ्ठीचा फोटो पाठवा, औषध आहे का ते कळवू. देताना मूळ चिठ्ठी लागेल.’ शिवाय आठवड्याला एक टिप. पहिली होती, न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवा, फ्रीझरमध्ये नको. कुठल्याही ब्रँडचं नाव नाही, बरं करण्याचं वचन नाही. माझ्या करिअरमधली सगळ्यात साधी कॉपी. एकही उद्गारचिन्ह नाही, बोला!

पहिल्या पोस्टला ४१ लाइक्स आले, त्यात अकरा नातेवाईक. दुसऱ्या पोराला परत बोलावण्याइतका धंदा अजून नाही. पण तिसऱ्या आठवड्यात समोरचे काका हातात दोन चिठ्ठ्या घेऊन आले. सूट किती, ते विचारलं नाही म्हणे.

आता कन्फेशन. आईची थायरॉइडची गोळी दर महिन्याला मीच मागवते. कुठून? ॲपवरून. मामाची सख्खी बहीण आणि औषध भलत्याच गोडाउनमधून! तुम्हीही आईबाबांच्या गोळ्या अशाच मागवत असाल. त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून कोणी शेवटच्या कधी पाहिल्या, आठवतंय?

काल मी ॲप बंद केलं आणि आईच्या चिठ्ठीचा फोटो मामाला पाठवला. दोन मिनिटांत रिप्लाय आला.

‘औषध आहे. येताना मूळ चिठ्ठी आण. भाची असलीस तरी नियम तोच.’