सॉफ्टनर घ्यायचाय? आधी नळाची ओळख करून घ्या

धाटाव एमआयडीसीत नवी नोकरी, रोह्यात नवा फ्लॅट आणि महिनाभरात शॉवर चोंदलेला, केसांचा पार झाडू! सेल्समनला फोन लावण्याआधी सोसायटीत विचारा, पाणी कुंडलिकेचं की बोअरचं? भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत येतं ते मुळशी धरणाचं, म्हणजे सह्याद्रीवरच्या पावसाचं पाणी. मुळातच हलकं. त्याला सॉफ्टनर म्हणजे पैसे पाण्यात! बोअरचं पाणी मात्र खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं.

टीडीएस मीटरवर भुलू नका, तो जडपणा वेगळा दाखवत नाही. लॅबमधून ‘टोटल हार्डनेस’ काढून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर 600. समजा 400 निघाला. चौघांचं घर, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 216 ग्रॅम क्षार. 25 लिटर रेझिन साधारण पाच-सहा दिवस पुरेल, मग मिठाच्या पाण्यानं धुणं आलंच. नळाला लावायचं चिटुकलं कार्ट्रिज इथे काय दिवे लावणार?

आणि हो, सॉफ्टनर ना जंतू मारतो, ना केमिकल काढतो. धाटावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात बोअरचं पाणी प्यायचं असेल, तर ती तपासणी वेगळी, आणि ती आधी.