फलाटावरच्या मुलांचे घर

घरातून पळालेले मूल मुंबईत उतरते, ते बहुतेकदा रेल्वेच्या फलाटावर. दलालाच्या आधी त्याला कोण गाठतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. हे ओळखून जेझुइट धर्मगुरूंनी १९६२ मध्ये मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू केले. तिथे कोंडवाड्याची कळा नाही. आईबापाच्या मायेने सांभाळणारे जोडपे, मोजकी मुले, एकाच चुलीवरचे जेवण आणि सकाळी खांद्यावर शाळेचे दप्तर. वडाळ्यात डॉन बॉस्कोच्या धर्मगुरूंनीही १९८७ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा उघडला. चर्चचे हे काम मोलाचेच आहे. पण ही मुले साऱ्या शहराची आहेत. फलाटावर एकटे मूल दिसले, तर नजर चुकवून पुढे जाऊ नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.