दार आणि ओळंबा

आपण इंजिनिअरिंगवाले कॉलम-बीमवर तासन्‌तास वाद घालतो, पण बाहेरच्या दाराची चौकट गवंड्यावर आणि सुतारावर सोडून मोकळे होतो. आंबा घाटाच्या वाटेवरच्या मलकापूरसारख्या पावसाच्या गावात हे महागात पडतं. आषाढात लाकूड ओल धरून रुंदीला फुगतं (लांबीला जवळजवळ नाहीच), दार अडकतं, कडी-कोयंडा जुळत नाही. मग रंधा! उन्हाळ्यात तेच दार आकसतं आणि फटीतून बोट जातं. माझं स्पष्ट मत, रंधा हा शेवटचा उपाय. आधी चौकट तपासा. होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पक्के होण्याआधी दोन्ही उभ्या बाह्यांना ओळंबा लावा, समोरून आणि बाजूनेही. मग दोन्ही कर्ण मोजा. आतून ३ बाय ७ फुटांच्या चौकटीत ते सुमारे ७ फूट साडेसात इंच आणि मुख्य म्हणजे सारखे भरले पाहिजेत. पायथागोरस काय फक्त पेपरापुरता आहे? दार आपोआप उघडत-मिटत असेल तर बहुधा बिजागरीची बाजू ओळंब्यात नाही. शिवाय दाराची वरची-खालची कड बिनरंगाची राहते, ओल तिथूनच शिरते. सुतार हिशोबाला बसण्याआधी दाराखाली छोटा आरसा सरकवून बघा.