नेत्रदानाच्या पलीकडे

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा साजरा होतो. संकल्पपत्रे भरली जातात, व्याख्याने होतात. १९७६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि सेवाभावी संस्थांचे परिश्रम यांमुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या आवाक्यात आली. 'सक्षम'सारख्या संघटनेने तर कॉर्नियाच्या दोषातून येणाऱ्या अंधत्वाच्या निर्मूलनाचा ध्यास घेतला आहे. हे कार्य निःसंशय अभिमानास्पद आहे.

परंतु नेत्ररोपणाने केवळ कॉर्नियाचाच दोष दूर होतो. ज्यांचे दृष्टिपटल किंवा डोळ्याची नस निकामी झाली आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही. या बांधवांनाही ताप येतो, मधुमेह होतो. भगिनींना गर्भारपणात तपासणीची गरज असते. त्यांच्या डोळ्यांची चिंता वाहणारा समाज त्यांच्या उर्वरित देहाला मात्र विसरतो. रुग्णालयात क्रमांक फलकावर झळकतो, तपासणीचा अहवाल कागदावर मिळतो, गोळ्यांच्या दोन पट्ट्या हाताला सारख्याच लागतात. डॉक्टर प्रश्न विचारतात तेही सोबत आलेल्या माणसाला! स्वतःचे दुखणे भावाच्या तोंडून सांगावे लागणाऱ्या भगिनीचा संकोच आपण कधी जाणला आहे काय?

२०११ च्या जनगणनेत दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमाने सरकारी व खाजगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य यांची तरतूद केली. युरोपीय संघाने २००४ मध्येच औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव ब्रेलमध्ये देण्याचा निर्देश काढला. आपल्याकडील कायदाही रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे. शासनाने त्यासाठी आग्रही राहावेच. पण सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील दृष्टिहीन बांधवांची माहिती घ्यावी. आरोग्य शिबिराची सूचना केवळ भिंतीवर न चिकटवता घरी जाऊन तोंडी द्यावी. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्ये त्यांच्या भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून द्यावीत. औषधाच्या एका पट्टीला रबर गुंडाळले, तरी दोन औषधांतील फरक बोटांना कळतो. सोबत जावे, मात्र रुग्णाला स्वतः बोलू द्यावे.

सेवा म्हणजे दया नव्हे, आत्मीयता होय. ज्यांना आपण दृष्टी देऊ शकत नाही, त्यांना निरोगी आणि स्वाभिमानाचे जीवन जगता यावे, हे पाहणे आपल्याच हाती आहे. पुढच्या पंधरवड्यात संकल्पपत्रांच्या जोडीने हाही संकल्प व्हावा.